कडधान्याला भुंगा लागला. वर्षाचं धान्य घरी टिकवायचं कसं?

पडवीवरून (पौडच्या पुढे, मुळशी)

तीन वर्षांपूर्वी सिंहगड रोडचा फ्लॅट भाड्याने देऊन आम्ही चौघं सासऱ्यांच्या वाडीवर राहायला आलो. 30 गुंठे खाचर, विहीर, एक गाय. इंद्रायणी तांदूळ आमच्यापुरता होतो आणि भात निघाला की त्याच ओलीवर वाल नि हरभरा टाकतो. तांदूळ आणि कडधान्य दुकानातून आणायचं नाही, असं ठरवून आलोय.

यंदा 42 किलो वाल आणि 25 किलो हरभरा झाला. मार्चमध्ये काढला, बडवला, चार दिवस अंगणात ऊन दिलं. मग प्लास्टिकच्या मोठ्या पिंपात कडुनिंबाचा पाला थराथरात घालून भरला. उसळीसाठी आठवड्यातून एकदा पिंप उघडायचो. जूनमध्ये वर दोन-चार किडे दिसले, ते पाखडून काढले. परवा हात खाली घातला तर आतून ऊब लागली. दाण्यांना गोल भोकं, तळाशी नुसतं पीठ. निम्म्याहून जास्त उकिरड्यावर गेलं. माझ्या नऊ वर्षांच्या लेकीने सुट्टीभर बसून शेंगा सोलल्या होत्या. तिने विचारलं, "आई, सगळे?" मला उत्तर देता आलं नाही.

झाकण घट्ट होतं, मग किडा आला कुठून? वाडीत एकाने गोळी ठेवायला सांगितलंय, पण पिंप आम्ही झोपतो त्याच खोलीत आहे. आणि बियाण्याचं काय करू?

कणगी (कोथरूड, माहेर वेल्हे)

ताई, भुंगा पिंपात शिरला नाही, तो तुम्ही शेतातूनच भरून आणलात. त्याची मादी उभ्या पिकात, पिकत्या शेंगेवर अंडी घालते. भिंग धरलंत तर दाण्यावर पांढरे ठिपके दिसतील, ती अंडी. अळी दाणा आतून पोखरते आणि किडा होऊन गोल भोक पाडून बाहेर येतो. तोवर दाणा वरून चांगलाच दिसतो, त्यामुळे पाखडून काही हाती लागत नाही. उन्हाळ्यात महिन्याभरात एक पिढी होते. मार्च ते जुलै किती झाल्या, हिशोब करा.

माझं वय 67. आईच्या हाताखाली शिकले आणि आजही घरचं सगळं मीच भरते. चार दिवसांचं ऊन कमी पडलं असं म्हणणार नाही, पण ढीग जाड असेल तर खालचा दाणा ओलाच राहतो. वाळलेला दाणा दाताखाली कट्ट वाजतो. दुसरी खूण: कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर दाणे आणि चमचाभर कोरडं मीठ घालून हलवा, दहा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर धान्य नक्की ओलं. नाही चिकटलं म्हणून मात्र लगेच भरू नका. कडधान्य त्याहूनही कोरडं लागतं.

आता मुख्य काम. एप्रिलच्या उन्हात खाली काळं प्लास्टिक, त्यावर दोन बोटं जाडीचा थर, वर पारदर्शक प्लास्टिक, चारी कडांना दगड. 57 अंशांवर तासभर राहिलं तर आतली अळीसुद्धा मरते. मी अकरा ते तीन असं लागोपाठ दोन दिवस करते. भरण्याआधी पूर्ण गार होऊ द्या. गरम भरलंत तर आत घाम धरतो.

हरभऱ्याची उसळीपुरती रास ठेवून बाकीची मे महिन्यातच डाळ करून टाका. आमच्याकडे पाण्याचा हात लावून रात्रभर गोणपाटाखाली ठेवायचे, मग ऊन, मग जातं. हा भुंगा अख्ख्या दाण्यावर वाढतो, डाळीवर त्याचं फारसं चालत नाही. डाळिंब्यांसाठी वाल अख्खेच लागतात, त्यांना किलोला एक छोटा चमचा गोडेतेल दाणा न् दाणा चमकेपर्यंत चोळा. तेलाने अंडी गुदमरतात.

मोठं पिंप नको. पाच-पाच किलोचे घट्ट झाकणाचे डबे काठोकाठ भरा आणि एका वेळी एकच उघडा. भरलेल्या बंद डब्यात चुकून राहिलेले किडे आतली हवा संपवतात आणि मरतात. तुमचं पिंप दर आठवड्याला उघडत होतं, म्हणजे त्यांना दर आठवड्याला हवा मिळत होती. आणि पाला ओला घातला होतात ना? त्याने ओल वाढली असणार. सावलीत कुरकुरीत वाळवल्याशिवाय घालू नका, आणि नुसत्या त्याच्यावर विसंबूही नका.

बियाण्याचे वाल वेगळे काढा. चुलीची राख चाळून, वाल असतील तितकीच मापाने घेऊन मिसळा आणि वर चार बोटं राखेचा थर द्या. माझ्या आईचं बियाणं असंच मडक्यात असायचं.

गुलटेकडीचा माणूस

मी 22 वर्षं धान्याच्या व्यवहारात आहे, म्हणून फक्त गोळीबद्दल हात जोडून सांगतो. ती अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडची असते. हवेतल्या ओलीने तिच्यातून फॉस्फीन वायू सुटतो. तो शेजारच्या खोलीतही जातो आणि त्यावर उतारा नाही. झोपायच्या घरात ती आणायचीच नाही, एक सुद्धा नाही. गव्हात पाऱ्याच्या गोळ्या आणि तांदळाला बोरिक पावडर लावायची जुनी सवय आहे, तीही सोडा. मुलं खाणार आहेत.

भातखाचर (भोर)

तांदळाच्या बियाण्याचं सांगतो. इंद्रायणी संकरित नाही, घरचं बी चालतं. पेरणीआधी 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी सोडा, तरंगेल ते काढून टाका. खालचं दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुवून सावलीत वाळवा. भात टरफलासकट कणगीत ठेवा आणि लागेल तसा भरडून आणा. पोरकिडे तांदळापेक्षा भाताला बरेच कमी लागतात.

पडवीवरून

कणगी काकू, रात्रीच बाटली भरून पाहिली. मीठ काचेला चिकटलं. 18 किलो वाल अजून धड दिसतायत. पण ऊन आणू कुठून? इकडे आठ दिवस सूर्य दिसलेला नाही. दादा, गोळीचा विषय आम्ही आजच संपवला.

कणगी

ऑक्टोबरची वाट बघू नका, तोवर काही उरणार नाही. भोकाचे दाणे निवडून काढा. बाकीचे लोखंडी कढईत मंद आचेवर, एका वेळी किलोभरच, सारखे हलवत हात लाववणार नाही इतके तापवा. परातीत पसरून गार करा, तेल चोळा, डबे भरा. हे फक्त खायचे, यातले पेरू नका. बियाण्यापुरते दोन किलो आधीच बाजूला काढा. पुण्यात कुणाकडे डीप फ्रीझर असेल तर पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर ठेवायला द्या. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, आधी खोलीइतकी गार-गरम होऊ द्या. मग राखेत.

निवडायला लेकीला बरोबर घ्या. ठिपका कसा दिसतो ते तिला भिंगातून दाखवा, पुढच्या मार्चमध्ये ती तुमच्याआधी ओळखेल.

पडवीवरून

भिंग तिच्या कंपासपेटीतच निघालं. आत्ता दोघी पडवीत बसलोय, सुपात वाल घेऊन. तिला पहिला ठिपका सापडला.