गेम डिझाइन आणि सर्जनशील लेखन एकत्र शिकावे का?

प्रश्न: विद्यापीठात हे दोन्ही विषय एकत्र घेण्याचा माझा विचार आहे, परंतु कथालेखनाची सवय असलेल्या विद्यार्थ्याला खेळासाठी लिहिताना नव्याने काय शिकावे लागते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १: कथेत पुढे काय घडणार हे लेखक ठरवतो, खेळात तो निर्णय बराचसा खेळणाऱ्याच्या हाती जातो. प्रत्येक वळणावर दोन पर्याय दिले आणि फाटे कुठेच जोडले नाहीत, तर दहा वळणांनंतर १,०२४ शेवट लिहावे लागतील. म्हणून फाटे पुन्हा एकत्र आणणे आणि तरीही आधीच्या निर्णयांचे पडसाद पुढच्या संवादांत उमटवणे, हे कौशल्य मला सर्वांत मोलाचे वाटते.

प्रतिसाद २: सहमत. प्रवेशाची वाट न पाहता २००९ साली आलेले ट्वाइन हे मोफत साधन वापरून पाहावे. प्रोग्रामिंग येत नसले तरी त्यात वाचकाच्या निवडीनुसार वळणारी छोटी कथा पूर्ण करता येते. अभ्यासक्रम निवडताना मात्र प्रोग्रामिंग व चित्रकलेच्या विद्यार्थ्यांसोबत गटाने खेळ तयार करण्याची संधी मिळते का, हे अवश्य तपासावे.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. माझीच एखादी जुनी कथा ट्वाइनमध्ये बसवून पाहतो.

प्रतिसाद १: शक्यतो नवी लिहावी, जुन्या कथेचा शेवट आधीच ठरलेला असल्याने पर्याय नावापुरतेच उरतात.