पगाराची तारीख कुणी सांगेना : विमान कंपन्यांतले अनुभव

संध्यापाळी (धागाकर्ती)

१७ एप्रिल २०१९च्या रात्री अमृतसरहून मुंबईला आलेलं विमान जेट एअरवेजचं शेवटचं ठरलं. त्याआधी ऑक्टोबर २०१२मध्ये किंगफिशर थांबली, नंतर मे २०२३मध्ये गो फर्स्ट. तिन्ही वेळा बातम्यांत कर्जाचे आकडे आले, बँका आल्या, प्रवाशांचे परतावे आले. मरोळ, पार्ले, कलिना ते थेट नालासोपाऱ्यापर्यंत ज्यांच्या गळ्यात या कंपन्यांचं ओळखपत्र होतं, त्यांचं म्हणणं चार ओळींत आटोपलं.

विमान कंपनी अडचणीत येते, हे या धंद्यातल्या कुणालाच नवं नाही. इंधन महागतं, विमानांचं भाडं डॉलरमध्ये भरावं लागतं, रुपया घसरला की नफा तिथेच संपतो. हे सामान चढवणाऱ्या लोडरपासून कॅप्टनपर्यंत सगळ्यांना कळतं. मला विचारायचं आहे ते वेगळं. त्या दिवसांत तुमच्या वरिष्ठांनी तुम्हाला काय सांगितलं, कधी सांगितलं आणि काय दडवलं? स्वतः नोकरीत असाल किंवा घरचं कुणी असेल, लिहा. कंपनीचं नाव मात्र नको, बऱ्याच जणांचे दावे अजून लटकलेत.

माझ्यापासून सुरुवात करते. मी नागपूरला चेक-इनला होते. आमच्याकडे पगार सगळ्यांचा एकदम थांबला नाही. आधी पायलट, इंजिनियर आणि वरचे मॅनेजर, मग हळूहळू खाली. खालच्यांना वाटायचं, आपल्यापर्यंत येणार नाही. ज्याला मिळाला तो सांगेना, ज्याला नाही तो विचारीना. वर्षानुवर्षं एका डब्यात जेवलेली माणसं पगाराच्या दिवशी एकमेकांची नजर टाळायला लागली.

काउंटरवर रोज आम्हीच. 'ऑपरेशनल कारणांमुळे रद्द' एवढंच बोलायचं, असा वरून मेसेज. समोर मुंबईला टाटा हॉस्पिटलची तारीख गाठायला निघालेला पेशंट आणि त्याची बायको. पुढचं विमान तरी नक्की आहे का, असं ती विचारायची. मी ड्यूटी मॅनेजरला विचारायचे, तो मुंबईला फोन लावायचा आणि मुंबईहून पुन्हा तेच वाक्य यायचं.

हँगरवाला

मी एएमई, म्हणजे विमान उडण्यालायक आहे अशी सही करणारा इंजिनियर. कंपनीची तब्येत बिघडलीय हे आम्हाला बातम्यांच्या कितीतरी आधी कळतं. सुटे भाग मागवले की स्टोअरमधून उत्तर येतं, पुरवठादार आता रोख मागतोय. मग एका उभ्या विमानाचा भाग काढून दुसऱ्याला लावायचा. नियमात बसतं ते, कागदपत्रं नीट केली की झालं. पण हे रोजचं व्हायला लागलं की समजायचं. पुढे भाड्याने विमान देणाऱ्या कंपनीची माणसं येतात आणि लॉगबुकं तपासत बसतात. एक दिवस इंजिनांना कव्हर चढतात आणि ते विमान परत उडत नाही.

हे सगळं आम्ही डोळ्यांनी बघत होतो आणि त्याच आठवड्यात वरचे साहेब टाउन हॉल, म्हणजे सगळ्यांची सभा, घेऊन सांगत होते की, गुंतवणूकदार शेवटच्या टप्प्यात आहे, थोडा धीर धरा. आमच्यातला एक सीनियर उभा राहिला. अत्यंत शांत माणूस. तो म्हणाला, "साहेब, पगार कधी होणार ती तारीख सांगा. तारीख नसेल तर नाही म्हणून सांगा, म्हणजे आम्ही दुसरीकडे बघायला मोकळे." उत्तर मिळालं, "असं निगेटिव्ह बोलून इतरांचं मनोधैर्य खच्ची करू नका."

त्या माणसाला दुसऱ्या दिवसापासून सलग रात्रपाळ्या लागल्या.

मला सगळ्यात जास्त संताप याचा आहे की, सही माझी होती. पगार नसला तरी चेकलिस्ट तेवढीच लांब असते आणि लायसन्स माझ्या नावावर असतं. घरी मुलाची फी थकलेली, हप्त्यासाठी बँकेचे फोन, आणि पहाटे अडीचला टॉर्च घेऊन लँडिंग गिअरखाली उभं राहून आपलं लक्ष पूर्ण जाग्यावर आहे ना, हे स्वतःला विचारायचं. आमच्या शिफ्टमध्ये एकानेही घाई केली नाही, एकानेही डोळे झाकून सही केली नाही. ते विमान सुरक्षित उडत राहिलं ते या लोकांमुळे. तरी कंपनी बंद पडल्यावर कुठल्याशा मुलाखतीत 'कर्मचाऱ्यांचा असहकार' हे शब्द वाचले. ते मी आजही विसरू शकत नाही.

नवीन इंजिनियरांसाठी एक : दोन वर्षांत किमान सहा महिन्यांचा कामाचा अनुभव नसेल, तर लायसन्सवरचे अधिकार वापरता येत नाहीत. त्यामुळे 'कंपनी पुन्हा सुरू होईल, थांबा' यावर किती थांबायचं, हे तारखा बघून ठरवा.

चिंचवडची आई

मुलगा को-पायलट. घर तारण ठेवून त्याला शिकवलं, वर टाइप रेटिंग, म्हणजे एका ठरावीक जातीचं विमान उडवण्याची परवानगी, वेगळं, तोही खर्च आमचाच. पगार थांबला तेव्हा दुसऱ्या कंपनीत जागा होत्या. पण डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याच्या, २०१७च्या नियमाप्रमाणे कॅप्टनला एक वर्षाची आणि को-पायलटला सहा महिन्यांची नोटिस द्यावी लागते. कंपनी पगार देत नव्हती, पण नोटिशीचे सहा महिने मागत होती! त्याने ईमेलवर ईमेल केले, ना हरकत पत्र काही मिळेना. नव्वद दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झाली नाहीत तर प्रवासी घेऊन उडता येत नाही, त्यामुळे रोस्टर रिकामं राहिलं की तेही घड्याळ चालू होतं.

दिवाळीला आला तेव्हा सोसायटीतल्या पोरांनी नेहमीसारखं "कॅप्टन, कॅप्टन" म्हणून घेरलं. तो हसून बोलला सगळ्यांशी. आत येऊन मला म्हणाला, "आई, वीज बिल किती आलंय?" आता तो दुसरीकडे उडतो. त्या पगाराचा दावा भरलाय, पैसे आलेले नाहीत.

निळा स्कार्फ

२०२०. २५ मार्चला देशातली विमानं बंद झाली, २५ मेला सुरू झाली. मधल्या काळात बिनपगारी रजा, ती आम्ही समजून घेतली, कारण विमानंच उडत नव्हती. नंतर व्हिडिओ कॉल आला. आमचे सगळ्यांचे माइक वरून बंद केलेले. वरच्या एका बाईंनी आमच्या नोकऱ्या गेल्याचा कागद वाचला, आभार मानले, कॉल संपला. कॅमेरे चालू होते, त्यामुळे आम्ही एकमेकींना रडताना बघितलं.

वसई लोकल

टीडीएसबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमच्या पगारातून कर कापला जायचा, पण सरकारकडे भरलाच गेला नव्हता. कंपनी बसल्यावर आयकर खात्याची मागणी आमच्या नावाने आली. पगार बुडालेलाच, त्यावरचा कापलेला करही पुन्हा भरा! १९६१च्या आयकर कायद्याचं कलम २०५ सांगत होतं की, कर कापला गेला असेल तर तेवढ्यापुरती वसुली कर्मचाऱ्याकडून करता येत नाही. पगारपत्रकं आणि बँक स्टेटमेंट जोडून तसं उत्तर दिलं. पगारपत्रकं कंपनीच्या पोर्टलवर होती आणि पोर्टल नंतर बंद पडलं. ज्यांनी आधी उतरवून घेतली होती ते वाचले. पगार लांबायला लागला की त्याच रात्री सगळी पत्रकं, फॉर्म १६ आणि पीएफचं पासबुक घरी सेव्ह करा.

पूर्वीची एचआर

वाचून खूप वेळ लिहू की नको असं झालं. मी त्या बाजूला होते. आम्हाला प्रश्नोत्तरांचा कागद यायचा, त्याबाहेर बोलायची परवानगी नव्हती. वरच्यांची एक भीती खरी होती. विमान कंपनी आजच्या तिकिटांच्या पैशावर उद्याचं इंधन भरते. अडचणीची बातमी फुटली की प्रवासी बुकिंग थांबवतात, तेलवाले उधारी बंद करतात आणि चार महिने तगू शकली असती ती कंपनी आठवड्यात बसते. हे मी बैठकांत ऐकलंय आणि ते खोटं नव्हतं.

पण प्रवाशापासून झाकणं वेगळं आणि आपल्या माणसांपासून झाकणं वेगळं. नोटिशीची अट सोडता आली असती. अनुभवाची पत्रं वेळेवर देता आली असती. आणि एक गोष्ट मनातून जात नाही : ग्रुप मेडिक्लेमचा हप्ता भरला जाणार नाही, हे वर माहीत होतं. लोकांना सांगितलं असतं तर त्यांनी आधीच स्वतःची पॉलिसी काढली असती.

हँगरवाला

@पूर्वीची एचआर, मेडिक्लेमचं हे मला आज कळलं. वडिलांची बायपास त्याच महिन्यात होती. हॉस्पिटलच्या काउंटरवर कार्ड चालेना. बायकोच्या बांगड्या मोडून बिल भरलं. तुम्ही लिहिलंत, बरं केलंत, पण हे वाचून हात थरथरतायत.

जुना युनियनवाला

संध्यापाळीने पगार तुकड्यांत थांबल्याचं लिहिलं, ते फार महत्त्वाचं आहे. ऑक्टोबर २००८ आठवा. जेटने सुमारे १९०० जणांना काढलं, गणवेशातली मुलं-मुली मुंबईत रस्त्यावर आली, राज ठाकरेंकडे गेली, आणि दोन दिवसांच्या आत जेटचे मालक नरेश गोयल यांनी सगळ्यांना परत घेतलं. सगळ्यांवर एकाच वेळी कुऱ्हाड पडली म्हणून सगळे एकत्र आले. पगार पायरीपायरीने थांबतो तेव्हा तसं होत नाही. प्रत्येक गट वेगळ्या दिवशी घाबरतो. पायलटांनी उडणार नाही म्हटलं की बाकीचे त्यांच्यावरच चिडतात.

दाव्यांबद्दल : दिवाळखोरीच्या कायद्यात कलम ५३ प्रमाणे कामगारांची २४ महिन्यांची थकबाकी तारणावर कर्ज देणाऱ्या बँकांच्या बरोबरीने, आणि इतर कर्मचाऱ्यांची १२ महिन्यांची त्यांच्यानंतर. म्हणून तुम्ही 'कामगार' की 'कर्मचारी', हे फॉर्ममध्ये काळजीपूर्वक लिहा. जेटच्या प्रकरणात पीएफ आणि ग्रॅच्युइटी पूर्ण द्या, असं एनसीएलएटीने, म्हणजे कंपन्यांच्या खटल्यांच्या अपील न्यायाधिकरणाने, ऑक्टोबर २०२२मध्ये सांगितलं आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३मध्ये ते कायम ठेवलं. नोव्हेंबर २०२४मध्ये त्याच न्यायालयाने कंपनी लिक्विडेशनमध्ये, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवायला, काढली. माणसं साठीला आली, हिशेब चालूच आहे.

रॅम्प ३

आम्ही कंत्राटी लोडर. अंगावर जॅकेट कंपनीचं, पगार ठेकेदाराकडून. कंपनी थांबली तसा ठेकेदाराने फोन बंद केला. दावा भरायला गेलो तर म्हणाले, तुमचं नाव आमच्या यादीत नाही. आम्हाला टाउन हॉलला पण कधी बोलावलं नव्हतं. बातमी आम्हाला टॅक्सीवाल्याने सांगितली.

जुना युनियनवाला

@रॅम्प ३, १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्यात ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ मालकाने तो द्यावा, असं कलम २१मध्ये होतं. एअरपोर्ट एंट्री पास, हजेरीची कुठलीही नोंद, बँकेत आलेले आधीचे पगार, जे असेल ते काढून ठेवा. तुमच्याबरोबरचे किती जण संपर्कात आहेत? एकेकट्याने जाऊ नका, एकत्र अर्ज करू. मला निरोप टाका.

रॅम्प ३

बरेच जण आहेत, काही गावाला गेलेत. पास आहे माझ्याकडे. बाकीच्यांना आज रात्रीच विचारतो.