इंग्लंड: गुलाबी गुलाबाचे नुसते उंच सोट झालेत, कॉटेज गार्डनसारखा भरगच्च कसा करू?

मीनल_वुस्टर

नमस्कार मंडळी. वुस्टरमध्ये आमचं जुनं लाल विटांचं टेरेस्ड घर आहे. फाटकापासून दारापर्यंत विटांची पायवाट आणि तिच्या कडेला जेमतेम मीटरभर रुंदीची मातीची पट्टी. ऊन दुपारचं, भरपूर. माती इथली ती लालसर चिकण, हिवाळ्यात लगदा आणि जुलैत भेगा. त्या पट्टीत ‘गर्ट्रूड जीकल’ हा गुलाब लावलाय, बेअर-रूट, म्हणजे उघड्या मुळांचं, कुंडीशिवायचं रोप आणून. हा त्याचा तिसरा उन्हाळा.

वासाबद्दल तक्रार नाही, पोस्टमनसुद्धा फाटकाशी थबकतो. पण दिसायला? चार-पाच काटेरी सोट सरळ वर गेलेत, माझ्या खांद्याच्याही वर. फुलं सगळी टोकाला, आणि खाली गुडघ्यापर्यंत पानाचा पत्ता नाही. आई साताऱ्याहून आली होती, म्हणाली, “गुलाब लावलायस की कुंपणाला काठ्या रोवल्यात?”

मी दर रविवारी खुरपून आळं स्वच्छ ठेवते, पाणी घालते, तरी ते चित्रातल्यासारखं गच्च, ओसंडणारं काही होत नाही. त्याच पट्टीत दसऱ्यासाठी झेंडूही लावलाय. तो केशरी आणि हा गुलाबी, वर मागे लाल विटा, सगळं अंगावर येतं. काय चुकतंय? छाटून खाली आणू का? की अजून एक गुलाब शेजारी लावू?

कोथरूडचे_काका

मीनलताई, चुकतंय काही नाही, छाटणी राहिलीय. पाऊस संपला की ऑक्टोबरात हात न कचरता छाटा. जुनी लाकडं काढा, उरलेल्या फांद्या फूट-दीड फुटावर, बाहेरच्या डोळ्यावर (जिथून कोंब फुटतो ती गाठ) तिरक्या कापा. आळं मोकळं करून दोन दिवस ऊन द्या, मग शेणखत. दीड-पावणेदोन महिन्यांत फुलं येतात. मावा दिसला तर नीमतेल. आमच्या गच्चीवर पन्नासेक कुंड्या आहेत, सगळ्यांना हाच नियम. मात्र तुमचे ते इंग्लिश गुलाब पुण्यात आणून पाहिलेत. नुसते वाढतात, फुलायला कुरकुरतात.

शशीताई_लडलो

काका, पुण्याला तुमचं शंभर टक्के बरोबर, पण मीनल, तू ऑक्टोबरात सिकेटर (छाटणीची कात्री) हातात घेऊ नकोस. पुण्यात ऑक्टोबरनंतर गुलाबाचा हंगाम सुरू होतो, इथे तो संपतो. तेव्हा कापलंस तर कोवळी फूट येईल आणि पहिल्या कडक दहिवरात जळेल. नोव्हेंबरात वाऱ्याने झाड मुळापासून हलू नये म्हणून उंची थोडी कमी करायची, बास. खरी छाटणी जानेवारीअखेर ते फेब्रुवारी. नीमतेलाला इथे कीटकनाशक म्हणून मान्यताच नाही, पानं चमकवायच्या नावाखाली विकतात. मावा बोटांनी चिरडावा किंवा ब्लू टिट पक्ष्यांवर सोडावा. त्यांची पिल्लं त्याच सुमाराला घरट्यात असतात.

आता तुझ्या सोटांबद्दल. झाडाला काहीही झालेलं नाही, ही जातच अशी. इंग्लिश गुलाबांच्या जाती तयार करणाऱ्या डेव्हिड ऑस्टिननी ती १९८६ मध्ये बाजारात आणली. तिच्या आईबापांपैकी एक ‘कोंत द शाँबोर’ हा जुना पोर्टलंड गुलाब, वास तिकडून आला. पण अंगात जोर एवढा की हीच जात वेल म्हणूनही विकतात आणि भिंतीवर ती दहा फूट जाते. अशा फांदीत टोकाचा डोळा ऑक्सिन नावाचं संप्रेरक खाली पाठवत राहतो आणि खालच्या डोळ्यांना झोपवून ठेवतो. नुसती छाटलीस तर नवा टोकाचा डोळा तेच करणार, आणि जूनपर्यंत सोट परत खांद्याला.

म्हणून कापण्याआधी वाकवायचं. फांदी आडवी झाली की टोकाची हुकमत संपते आणि अंगभर डोळे फुटतात. प्रत्येकातून आखूड फुटवा, प्रत्येकावर फुलं. केंटमधल्या सिसिंगहर्स्टच्या प्रसिद्ध बागेत गेलीस तर बघ, तिथे हेझलच्या ओल्या काठ्यांच्या कमानी करून दोन्ही टोकं जमिनीत खुपसतात आणि गुलाबाच्या फांद्या ओणवून त्यांना बांधतात. जॅक व्हास नावाचे हेड गार्डनर ही पद्धत तिथे घेऊन आले. फेब्रुवारीत, पानं नसताना, झाडाचा सांगाडा दिसतो तेव्हा ते पाहण्यासारखं असतं. मला तर जूनमधल्या फुलांपेक्षा तेच जास्त आवडतं, पण मी जरा विचित्र आहे.

तुझ्याकडे जागा मीटरभर, तेव्हा चार कमानी पुरतील. फेब्रुवारीत आधी मेलेलं, काडीसारखं बारीक आणि एकमेकांवर घासणारं लाकूड काढ. सगळ्यात जुना एक सोट बुडापासून कापून टाक, जोरदार कोंब नेहमी बुडातूनच यावेत म्हणून. उरलेल्यांचं फक्त टोक, वीतभर. मग एकेक फांदी हळूहळू, दोन्ही हातांनी, बुडाजवळ न दाबता लांबवर दाबत वाकव आणि सुतळीने बांध. एक डावीकडे, एक उजवीकडे, एक पायवाटेला समांतर. पायवाटेवर मात्र येऊ देऊ नकोस. ‘गर्ट्रूड’चे काटे जीन्समधून जातात, आणि पोस्टमन मग थबकणार नाही. जाड जुनी फांदी वाकत नसेल तर हट्ट करू नको, ती फुटावर काप आणि पुढल्या वर्षीचा कोवळा कोंब वाकव.

दुसरी गोष्ट, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ते खुरपणं थांबव. आपण शाळेच्या, कलेक्टर कचेरीच्या आवारात पाहिलेले असतात तसे गुलाब लावतो: चुना लावलेल्या तिरक्या विटा, मध्ये मोकळी माती आणि त्यात एकटा गुलाब. पाहुण्याला लांबून फूल दाखवायला ते ठीक आहे. कॉटेज गार्डनमध्ये गुलाब एकटा नसतोच. त्याचे पाय कोणीतरी झाकलेले असतात. उघडे पाय ही गुलाबाची जन्मजात खोड आहे, ती दुरुस्त होत नाही, झाकली जाते.

ज्या बाईचं नाव या गुलाबाला आहे तिचंच ऐक. गर्ट्रूड जीकल (१८४३–१९३२) आधी चित्रकार होती, डोळे अधू होत गेले तशी बागेकडे वळली. सरेमधलं तिचं घर, मन्स्टेड वुड, वास्तुकार लट्येन्सने बांधलं. हो, तोच नवी दिल्लीवाला. ती रंग ठिपक्यांनी नाही तर लांबट पट्ट्यांनी लावायची, एक रंग दुसऱ्यात मिसळत नेणारे. तुझ्या लाल विटांपुढे हा गडद गुलाबी ओरडतोय, कारण दोघांच्या मध्ये कोणी नाही. मध्ये निळं-जांभळं आणि पोपटी घाल. कमानींच्या खाली कॅटमिंट हे निळ्या-जांभळ्या फुलांचं झुडूप, ‘सिक्स हिल्स जायंट’ नको, तो या पट्टीत तुझ्या घरात शिरेल, ‘वॉकर्स लो’ घे. पायवाटेच्या कडेला अल्केमिला मोलिस, तिची पोपटी फुलं विटांवर सांडू देत, पण सुकली की लगेच काप, नाहीतर विटांच्या फटीफटीत रोपं उगवतील. हार्डी जिरेनियम ‘रोझॅन’ एकच लाव. ते निळसर फूल जूनपासून थंडीपर्यंत थांबत नाही आणि गुलाबाच्या फांद्यांवर स्वतःच चढतं. हे कुंडीतलं लाल जिरेनियम नव्हे, रोपवाटिकेत नीट विचार. मागे विटांना लागून पांढरे फॉक्सग्लव्ह. गुलाबाच्या बुडाशी वीतभर जागा मोकळी ठेव, तिथे खत जायला हवं.

झेंडू दसऱ्याला हवाच, कोण नाही म्हणतं. तो मागच्या दारी कुंड्यांत लाव. इथे गोगलगायी जमिनीतली रोपं रातोरात फस्त करतात, कुंडीत निदान राखता येतं.

रेडिंगकर

शशीताईंच्या पोस्टला पुरवणी. चिकणमातीला खत म्हणून घोड्याची लीद फुकट मिळते, तबेल्याबाहेर पिशव्या ठेवलेल्या असतात. डोळे झाकून आणू नका. घोड्यांच्या कुरणांवर अमिनोपायरालिड नावाचं तणनाशक मारतात. ते गवतातून घोड्याच्या पोटात आणि तिथून लिदीत जसंच्या तसं उतरतं, नंतर गुलाबाची पानं पिळवटतात. आमच्या अलॉटमेंटवर (भाजीपाल्यासाठी भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा) एका शेजाऱ्याचे टोमॅटो याने गेले. आधी थोडी लीद कुंडीत मिसळून ब्रॉड बीन्सचे दाणे लावा. पानं सरळ आली तर वापरा, कुरळी झाली तर परत.

आणि फॉक्सग्लव्ह पूर्ण विषारी असतं, पान, फूल, बी सगळं. घरात रांगतं मूल किंवा कुत्रा असेल तर विचार करा. आमच्याकडे दोन्ही आहे, म्हणून आम्ही पांढरी कॅम्पॅन्युला लावली. उंची कमी, पण भागतं.

मीनल_वुस्टर

बाप रे, किती माहिती. काका, तुम्हालाही धन्यवाद, आईच्या साताऱ्याच्या गुलाबांना तुमचा नियम कळवते.

मूल आहे, चार वर्षांचं, आणि ते सगळं तोंडात घालतं. तेव्हा कॅम्पॅन्युला. शशीताई, अजून तीन प्रश्न. खालच्या पानांवर काळे ठिपके येऊन ती पिवळी पडतात, म्हणूनच खालून उघडं दिसतं का? दुसरा गुलाब लावायचा तर कोणता? आणि या पाकळ्यांचा गुलकंद होईल का, आईने विचारलंय.

शशीताई_लडलो

काळे ठिपके ही बुरशी. इथल्या ओल्या हवेत सगळ्यांकडे येते, आणि हो, पानं गळून खाली जास्त उघडं दिसतं. बुरशी गळलेल्या पानांत हिवाळा काढते, म्हणून ती वेचून काढायची, कंपोस्टमध्ये टाकायची नाहीत. पाणी संध्याकाळी वरून शिंपडतेस का? सकाळी, बुडाशी, कमी वेळा पण भरपूर घाल. छाटणीनंतर बुडाभोवती कुजलेल्या खताचा दोन-तीन इंच थर दे, खोडाला न चिकटवता. पावसाचे थेंब मातीवर आपटून बुरशी पानांवर उडते, ती त्याने अडते. फवारणी मी करत नाही. चार पानं पिवळी दिसली म्हणून कोणी मरत नाही, आणि ‘रोझॅन’ वर चढलं की ती दिसतही नाहीत.

दुसरा गुलाब एका मीटरच्या पट्टीत ‘गर्ट्रूड’च्या तोडीचा लावू नकोस, मारामारी होईल. पलीकडच्या टोकाला फिका गुलाबी ‘ऑलिव्हिया रोझ ऑस्टिन’ लाव. २०१४ चा आहे, साधारण मीटरभरच वाढतो, खालपर्यंत पानं धरतो आणि काळे ठिपके फारसे घेत नाही. वास मात्र ‘गर्ट्रूड’पुढे साधा. नोव्हेंबर ते मार्च बेअर-रूट मिळतो. रात्रभर नाही, दोन तास पाण्यात ठेव, आणि कलमाची गाठ मातीखाली दोन इंच जाईल असा लाव. आपल्याकडे गाठ वर ठेवायला सांगतात, इथे थंडीमुळे आणि वाऱ्यामुळे खाली. त्या जागी आधी कोणाचा गुलाब होता असं शेजारी सांगत असतील तर घमेली भरभरून माती बदल, नाहीतर नवा गुलाब खुरटतो. निवड करायला जूनच्या मध्यावर ऑल्ब्रायटनला जा, ऑस्टिनची बाग तुझ्यापासून गाडीने तासाभरावर असेल. झाडं पूर्ण वाढलेली दिसतात, कॅटलॉगमधल्या फोटोत उंची कळत नाही.

गुलकंद होतो. औषध न मारलेल्या पाकळ्या, सकाळी दव उडाल्यावर तोडलेल्या, आणि वजनाने तेवढीच खडीसाखर. पाकळ्यांच्या बुडाचा पांढरा भाग कडवट लागतो, तो कापून टाक. इथलं ऊन भरवशाचं नाही, बरणी दक्षिणेच्या खिडकीत ठेव आणि रोज हलव. महिन्यापेक्षा जास्त लागतो. पण पहिला बहर यासाठी तोडू नकोस. सप्टेंबरात दुसरा येतो, तो घे. त्यासाठी पहिला बहर सुकला की फूल आणि खालची दोन-तीन पानं काढत राहायचं.

हेझलच्या काठ्या फेब्रुवारीत, कळ्या फुटायच्या आत तोडलेल्या घे, तेव्हाच नीट वाकतात. आसपास कॉपिसिंग करणारे, म्हणजे झाडं बुडापासून तोडून नव्या फुटीच्या काठ्या घेणारे असतात, गठ्ठ्याने विकतात. कोणी विलोच्या ओल्या काठ्या देऊ केल्या तर नको म्हण. त्या जमिनीत रुजतात, आणि गुलाबाऐवजी विलोची छाटणी करत बसावी लागते.