शब्दचर्चा : देवदूत, हुद्दा की आडनाव?

छापखान्यातला :
कोल्हापुरात राजारामपुरीत माझं डीटीपी आणि फ्लेक्सचं काम आहे. परवा न्यू शाहूपुरीतल्या एका ख्रिस्ती मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) नाताळच्या कार्यक्रमाची पत्रिका आली. त्यात बायबलमधल्या यशया संदेष्ट्याचा एक उतारा होता आणि उताऱ्यात 'सराफीम' असा शब्द. आमच्या पोराला वाटलं शेवटचा 'म' चुकून पडलाय, त्यानं तो काढला. प्रूफ गेलं ते 'सहा पंखांचे सराफी' असं. पत्रिका बघणाऱ्या काकूंनी तांबड्या पेननं गोल केला आणि बाजूला लिहून पाठवलं, 'हे गुजरीतले नव्हेत.' (गुजरी म्हणजे आमच्याकडची सराफांची पेठ.)

हसून झालं. मग फ्लेक्सवर चित्र टाकायला बसलो. नेटवर मिळाली ती गोरी, झगेवाली, पंखवाली बाई उचलली. काकू म्हणाल्या, "ही परी झाली. देवदूत कुठाय?" त्याच टेबलावर दुसरा फ्लेक्स होता, पुरात बोट चालवणाऱ्या पोरांच्या सत्काराचा : 'पूरग्रस्तांचे देवदूत'. तिसरा एका डॉक्टरांच्या वाढदिवसाचा : 'गोरगरिबांचे देवदूत'. एका दिवसात तीन देवदूत, आणि एकाचा दुसऱ्याला मेळ नाही.

तर जाणकारांनी सांगा. ख्रिस्ती लोक देवदूत म्हणतात तो नक्की कोण? छोटा देव? का मेलेल्या चांगल्या माणसाचा आत्मा? हा शब्द मिशनऱ्यांनी पाडला का आधीपासून होता? आणि 'दू' पहिला का दुसरा, तेही एकदाच सांगून टाका. पोरगं रोज 'देवदुत' मारतंय.

शाहूपुरीच्या बाई :
'दू' दुसरा, दीर्घ. आणि विभक्ती लागली तरी दीर्घच राहतो. फूल-फुलाला, मूल-मुलाला, पण दूत-दूताला, कारण दूत संस्कृतातून जसाच्या तसा आलाय. चाळीस वर्षं मराठी शिकवलं, एवढं तरी मी छातीठोक सांगते.

आता मूळ प्रश्न. बायबलचा जुना करार बहुतेक हिब्रूत आहे, तिथं शब्द आहे 'मलाख'. नवा करार ग्रीकमध्ये, तिथं 'आंगेलोस'. दोन्हींचा अर्थ निरोप नेणारा, एवढाच. गंमत अशी की या दोन्ही शब्दांत 'देव' कुठंच नाही. राजानं पाठवलेला साधा माणूसही मलाखच. हाग्गय हा संदेष्टा हाडामांसाचा माणूस, त्यालाही परमेश्वराचा मलाख म्हटलंय. जुन्या कराराच्या शेवटच्या पुस्तकाचं नाव मलाखी, म्हणजे 'माझा दूत'. मूळ भाषेत एकच शब्द दोघांना चालतो, कोण कुठला ते संदर्भावरून समजायचं. मराठीत मात्र भाषांतर करणाऱ्याला दर ठिकाणी ठरवावं लागतं, इथं नुसता दूत लिहायचा का देवदूत.

संत ऑगस्टिन (इ. स. ३५४ ते ४३०) यांनी यावर नेमकं बोट ठेवलंय. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा : देवदूत हे कामाचं नाव आहे, स्वभावाचं नाही. स्वभाव विचाराल तर तो आत्मा, काम विचाराल तर तो दूत.

आपल्याकडच्या माणसाला हे समजायला अजिबात जड नाही. पाटील हा हुद्दा. चौगुले हा हुद्दा. सरनोबत हा हुद्दा. पुढं त्यांची आडनावं झाली, आणि आता ज्याच्याकडं गावाची कसलीच जबाबदारी नाही तोही पाटील. देवदूताचं तेच झालं. हुद्दा होता, लोकांनी त्याचं आडनाव केलं. मग त्या आडनावाच्या मंडळींचा रंग कसा, पंख किती, झगा कुठल्या कापडाचा, हे सगळं ओघानं आलंच.

पोथीवाचक :
मिशनऱ्यांनी पाडलेला शब्द नाही हा. महाभारतात आहे. वनपर्वात मुद्गल ऋषींची कथा आहे. त्यांना स्वर्गात न्यायला देवदूत विमान घेऊन येतो. मुद्गल काय करतात? आधी विचारतात, स्वर्गाचे गुण सांग आणि दोषही सांग. तो प्रामाणिकपणे दोन्ही सांगतो, आणि मुद्गल म्हणतात, मग नको, विमान परत ने. (गाडी दारात आल्यावर भाडं विचारून परत पाठवणारी माणसं मी बिंदू चौकात पाहिलीत, पण स्वर्गाचं विमान परत पाठवणारा हा एकटाच.) शेवटी स्वर्गारोहणपर्वातही युधिष्ठिराला नरकाची वाट दाखवायला देवदूतच पुढं चालतो.

तेव्हा शब्द तयार होता. पण मला तो ख्रिस्ती अर्थाला पुरता बसलेला वाटत नाही. मूळ शब्दात देव नाही हे बाईच सांगतात. मराठी वाचक आधी 'देव' वाचतो आणि तिथंच हात जोडतो. ईशदूत किंवा नुसता दूत का नको?

शाहूपुरीच्या बाई :
नुसता दूत म्हटलं की तुमच्या पिढीला 'राजदूत' मोटारसायकल आठवणार.

थट्टा सोडा. दोष शब्दाचा नाही, समास सोडवणाऱ्याचा आहे. देवदूत म्हणजे देवाचा दूत. षष्ठी तत्पुरुष. यमदूत म्हणजे यमाचा दूत, तिथं कुणाला वाटत नाही की हाच यम. पण देवदूत म्हटलं की लोक कर्मधारय करतात : देव असलेला दूत. डॉक्टरांच्या फ्लेक्सवर तेच झालंय. त्यांना कुणी निरोप देऊन पाठवलंय असं म्हणायचंच नाहीये, डॉक्टर देवासारखे आहेत असं म्हणायचंय.

पोथीवाचक :
बाई, समास मान्य. पण मग रामदूताचं काय? तोही षष्ठी तत्पुरुष. रामाचा दूत म्हणजे मारुती. आणि करवीर तालुक्यात एक गाव दाखवा जिथं मारुतीचं देऊळ नाही. आमच्या गावात रामाचं देऊळ नाही, पण रामदूताचं आहे, शनिवारी तेलाची रांग असते. मराठी कानाला दूताची पूजा खटकतच नाही. माझा आक्षेप तोच आहे.

शाहूपुरीच्या बाई :
हे मात्र तुम्ही लाखातलं बोललात. इथंच ख्रिस्ती कल्पना वेगळी पडते. बायबलच्या शेवटच्या, प्रकटीकरणाच्या पुस्तकात शेवटी योहान त्याला दर्शन दाखवणाऱ्या दूताच्या पाया पडायला जातो. दूत त्याला अडवतो. म्हणतो, असं करू नको, मीही तुझ्यासारखाच दास आहे, नमन देवाला कर. नव्या करारातल्या कलस्सैकरांच्या पत्रातही देवदूतांच्या पूजेबद्दल ताकीद आहे. कॅथलिक मंडळी मीखाएल या देवदूताला 'आमच्यासाठी विनंती कर' म्हणतात, पण तेही उपासना देवाचीच मानतात. आमच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत तर देवदूताची प्रार्थनाच करत नाहीत.

म्हणून छापखान्यातल्या दादांना थेट उत्तर : छोटा देव नाही. निर्माण केलेला आहे, माणसासारखाच, फक्त शरीराविना. मेलेल्या माणसाचा आत्माही नाही. घरात लहान लेकरू गेलं की लोक म्हणतात, देवानं आपल्यासाठी देवदूत नेला. दुःखात बोलतात, मी कुणाला टोकत नाही. पण शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, तसं नाही. पुनरुत्थानानंतर माणसं लग्न करणार नाहीत, स्वर्गातल्या दूतांसारखी असतील, असं येशू म्हणतो. 'सारखी' म्हणतो, दूत होतील म्हणत नाही.

छापखान्यातला :
आणि पंख? फ्लेक्सचा सगळा घोळ तिथंच आहे. बाई का बुवा तेही सांगा.

शाहूपुरीच्या बाई :
निरोप घेऊन येणारे दूत शास्त्रात दिसतात ते माणसांसारखे. अब्राहाम भर उन्हात तंबूच्या दाराशी बसलाय, समोर तीन माणसं उभी. तो त्यांना पाय धुवायला पाणी देतो, भाकरी करायला लावतो, वासरू कापतो. पंख असते तर पाहुणे म्हणून ओळखले असते का? याकोबाला स्वप्नात शिडी दिसते, तिच्यावरून देवदूत चढतायत, उतरतायत. पंख असलेल्याला शिडी कशाला लागते? प्रकटीकरणात अंतराळात उडणारा एक दूत आहे, पण त्याच्याही पंखांचा उल्लेख नाही. रोमच्या प्रिस्किला कॅटाकोम्बमध्ये (जमिनीखालच्या जुन्या दफनभूमीत) येशूच्या आईला, मरियेला निरोप सांगणाऱ्या दूताचं फार जुनं चित्र आहे, त्यात पंख नाहीत. चित्रकारांनी पंख लावले ते चौथ्या शतकाच्या आसपास.

पंख आहेत ते वेगळ्यांना. तुमच्या पोराचे 'सराफी' म्हणजे सराफीम : सहा पंख, दोनांनी तोंड झाकलेलं, दोनांनी पाय झाकलेले, दोनांनी उडतात. हिब्रू 'साराफ' म्हणजे जळणारा. गुजरीतला सराफ अरबीतून आला, नाणी बदलून देणारा, त्यांचं यांचं काही नातं नाही. 'ईम' हा हिब्रूतला अनेकवचनाचा प्रत्यय, म्हणून तो 'म' काढायचा नाही. दुसरे करूब. एदेन बागेच्या वाटेवर पहाऱ्याला ठेवलेले, कराराच्या कोशावर (दहा आज्ञांच्या पाट्यांच्या पवित्र पेटीवर) सोन्यात घडवलेले. यहेज्केल संदेष्ट्याला दिसलेल्या करूबांना चार-चार तोंडं होती. हल्ली भेटकार्डावर गुबगुबीत, उघडं बाळ काढून त्याला करूब म्हणतात. यहेज्केलानं ते बघितलं असतं तर हसला असता का रडला असता, देव जाणे.

बाई का बुवा? शास्त्रात दिसतात ते पुरुषरूपात, पण शरीरच नाही तर लिंग कुठलं. जखऱ्याच्या पुस्तकात करकोच्यासारखे पंख असलेल्या दोन स्त्रिया दिसतात, पण त्यांना दूत म्हटलेलं नाही.

मिरजवाला :
बाई, एक भर घालू का? आम्हा मुसलमानांत फरिश्ता म्हणतो. शब्द फारसी. फारसीकडचं 'फ्र' म्हणजे संस्कृतातलं 'प्र', आणि पुढं 'इष्' हा पाठवणं या अर्थाचा धातू. म्हणजे फरिश्ता हा तुमच्या 'प्रेषित' शब्दाचा सख्खा चुलतभाऊ. दोन्हींचा अर्थ पाठवलेला.

आता गोंधळ बघा. मराठी बायबलमध्ये प्रेषित म्हणजे येशूचे बारा शिष्य, 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तकच आहे. आम्ही मराठीत लिहितो तेव्हा प्रेषित म्हणजे पैगंबर, आणि पैगंबर म्हणजेही पैगाम आणणारा. ख्रिस्ती पैगंबराला संदेष्टा म्हणतात, म्हणजे पुन्हा संदेश सांगणारा. दूत, प्रेषित, संदेष्टा, पैगंबर, फरिश्ता, सगळे टपालखात्यातले. कुणाच्या हाती कुठला शब्द लागला ते ज्याच्या त्याच्या भाषांतरकारावर.

शाहूपुरीच्या बाई :
वा! आणि यात 'शुभवर्तमान', म्हणजे चांगली बातमी, पण धरा. ग्रीकमध्ये तो शब्द 'एव्-आंगेलिऑन', त्याच्या पोटात आंगेलोसच बसलाय. मराठीत हे नातं दिसत नाही.

नावांचंही सांगते. शेवटचं 'एल' म्हणजे देव. मीखाएल : देवासारखा कोण? राफाएल : देव बरं करतो. आमच्या बायबलमध्ये नाव घेऊन आलेले देवदूत दोनच, मीखाएल आणि गब्रीएल. राफाएल तोबीतच्या पुस्तकात आहे, ते कॅथलिक बायबलमध्ये आहे, आमच्यात नाही. त्यात तो तरण्या तोबियाचा वाटेतला सोबती म्हणून लांबचा प्रवास करतो आणि ओळख देतो ती अगदी शेवटी. कॅथलिक या तिघांचा सण २९ सप्टेंबरला करतात, रक्षक दूतांचा २ ऑक्टोबरला.

जयसिंगपूरहून :
पाली त्रिपिटकात देवदूत सुत्त आहे. तिथं देवदूत म्हणजे म्हातारा, आजारी आणि प्रेत. यमराज मेलेल्याला विचारतो, माणसांत माझे दूत दिसले नाहीत का तुला? तो म्हणतो, नाही. यम म्हणतो, वाकलेला म्हातारा दिसला नाही? फ्लेक्सवर हे देवदूत कुणी लावून घेणार नाही.

प्रयागकाठ :
मी चिखलीचा. एवढं सगळं वाचलं, पण पुराच्या फ्लेक्सला कुणी हातच लावला नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ४३ फूट म्हणजे धोका. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी त्याच्या किती वर गेलं ते आम्ही माळ्यावर बसून बघितलंय. माझी आजी, दोन म्हशी सोडून यायला तयार नव्हती. बोटीतला जवान तिला म्हणाला, "भिऊ नको आज्जे, मी हाय." मराठी त्याला तेवढंच येत होतं, बहुतेक आदल्या घरी शिकला असणार. आजी बोटीत बसली. त्याचं नाव विचारायचं राहिलं. पेपरात दुसऱ्या दिवशी 'देवदूत' छापून आलं तेव्हा आजी म्हणाली, बरोबर छापलंय. आता बाई म्हणणार, चुकीचा वापर.

शाहूपुरीच्या बाई :
नाही म्हणणार. तुमच्या आजीनं षष्ठी तत्पुरुष बरोबर सोडवलाय. पाठवलेला आला, काम केलं, नाव न सांगता गेला. आणि लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्यानं लिहिलेल्या येशूच्या चरित्रात, गब्रीएल जखऱ्या नावाच्या याजकाला (तो संदेष्टा जखऱ्या वेगळा) आणि मरियेला भेटतो, पुढं मेंढपाळांपुढं दूत उभा राहतो, तेव्हा तिन्ही वेळा आधी एकच बोलणं असतं : भिऊ नको, भिऊ नका. मुख्य निरोप त्यानंतर.

वाढदिवसाच्या फ्लेक्सबद्दल माझं मत तेच आहे. फोटो चार फुटांचा, नाव दोन फुटांचं, आणि वर 'देवदूत'. दूताचं नाव निरोपापेक्षा मोठं छापत नाहीत.

छापखान्यातला :
बाई, तसं छापलं नाही तर माझं बिल निघत नाही.

असो, काय झालं ते सांगतो. 'सराफीम'चा 'म' जागेवर आला. पंखवाली बाई काढली. त्या जागी काकूंना विचारून नुसती शिडी टाकली, खाली मेंढरं. फायनल घ्यायला काकू आल्या, बघितलं, म्हणाल्या छान आहे. मग पर्समधून मोबाईल काढून नाटकाच्या तालमीचा फोटो दाखवला. सहा पोरी, पांढरे झगे, पाठीला पुठ्ठ्याचे पंख, कडेनं चंदेरी लेस. म्हणाल्या, "शास्त्र मला पण ठाऊक आहे रे. पण आयांनी रात्री जागून शिवलेत. पंख राहू देत."

फ्लेक्सवर शिडी आहे. स्टेजवर पंख असणार आहेत.