डेकच्या पायऱ्या : खालून एक इंच कापायला विसरू नका

मिशिगनच्या घराला ४२ इंच उंच डेक (घराबाहेरचा लाकडी ओटा) आहे आणि पायऱ्या स्वतः करायच्यात असं तुम्ही लिहिलंय, तर वरच्या उत्तरांत लाकडाबद्दल बरंच आलंय, मी फक्त मापाचं सांगतो कारण गडबड तिथेच होते. उंची डेकच्या कडेखाली मोजू नका, जमिनीला उतार असतो, शेवटची पायरी जिथे टेकणार तिथून मोजा. तिथेही ४२ च आली तर ७ इंचाचे ६ चढ (चढ म्हणजे एका पायरीपासून पुढच्या पायरीची उंची) आणि मध्ये ५ पायऱ्या, एकदम मस्त बसतं.

आता खरी मेख. स्ट्रिंगरला (पायऱ्या ज्यावर बसतात ते तिरकं लाकूड) खाचा सगळ्या सारख्याच कापल्या पण प्रत्येक खाचेवर एक इंच जाडीची फळी बसली की पहिला चढ होतो ८ आणि सगळ्यात वरचा ६, म्हणून स्ट्रिंगर खालून फळीच्या जाडीएवढा कापायचाच. मिशिगनच्या घरबांधणीच्या कोडमध्ये चढ जास्तीत जास्त सव्वाआठ इंच आणि चढांमधला फरक ३/८ इंचापर्यंतच चालतो. पाय सवयीने पडतो हो, अंधारात हातात ताट घेऊन उतरणारी आजी धडपडते ती ह्याच फरकामुळे.

आणि वरच्या उत्तरांत कोणीतरी स्ट्रिंगर सरळ मातीवर टेकवा म्हणालंय ते प्लीज करू नका, काँक्रीटचा पॅड घाला. कापलेल्या खाचांना प्रिझर्व्हेटिव्ह (लाकूड कुजू नये म्हणून लावायचं औषध) लावाच, ट्रीटेड लाकडात कारखान्यात मुरवलेलं औषध आतपर्यंत गेलेलं नसतं आणि पाणी तिथेच मुरतं. स्क्रू हॉट डिप गॅल्व्हनाइज्डच (जस्ताचा जाड थर दिलेले) घ्या, ट्रीटेड लाकडातलं तांबं साधे स्क्रू खातं. चार किंवा जास्त चढ असले की हँडरेल लागतोच, पण परमिट काढताना गावच्या ऑफिसात एकदा विचारा.