बेसी स्मिथचा मृत्यू

गोऱ्यांच्या हॉस्पिटलने दारातून परत पाठवलं म्हणून अमेरिकेतली काळी ब्लूज गायिका बेसी स्मिथ गेली, असं सांगितलं जातं. ती दंतकथा आहे. 1937 च्या सप्टेंबरमध्ये तिच्या गाडीला अपघात झाला तेव्हा मागून येणारा एक डॉक्टर रस्त्यावरच तिच्यावर उपचार करत होता. तिला थेट मिसिसिपी राज्यातल्या क्लार्क्सडेलच्या काळ्यांच्या हॉस्पिटलमध्ये नेलं. गोऱ्यांची आणि काळ्यांची हॉस्पिटलंच वेगळी, त्यामुळे नकाराचा प्रश्नच आला नाही. (हे जास्त भयंकर, खरं तर.) पुढे त्याच इमारतीत रिव्हरसाइड हॉटेल निघालं.

मला जास्त लागतं ते थडग्याचं. 1970 पर्यंत त्यावर साधा दगडही नव्हता. तो बसवायला पैसे दिले रॉक गायिका जॅनिस जॉप्लिनने आणि लहानपणी बेसीच्या घरी कामाला असलेल्या हुआनिटा ग्रीनने.