सीका, मुइक्कू आणि 'पांढरा मासा'

प्रश्न : फिनलंडवरचा एक लेख इंग्रजीतून मराठीत आणतेय. त्यात व्हाइटफिश दोनदा येतो, पण सोबतची फिनिश नावं वेगळी आहेत. एकदा सीका, एकदा मुइक्कू. दोन्हीकडे 'पांढरा मासा' चालेल का?

– नको हो ताई. वाचणारा कॉड-हॅडॉकसारखे समुद्री मासे समजेल. हॉटेलवाले पांढऱ्या मांसाच्या कुठल्याही माशाला व्हाइट फिश म्हणतात. सीका आणि मुइक्कू मात्र सामनच्या कुळातले, कोरेगोनस प्रजातीचे.

– हेलसिंकीत राहतो. इथे बाजारात कुणाची गफलत होत नाही, तोंड पाहिलं की कळतं. मुइक्कूचा खालचा जबडा पुढे आलेला, सीकाचं नाकाड खालच्या ओठावर झुकलेलं. मुइक्कू बहुधा वीतभरही नसतो. राय या धान्याच्या पिठात घोळवून तळतात (अनुवादात 'राईचं पीठ' लिहू नका, लोक मोहरी समजतील!) आणि मांदेलीसारखा काट्यासकट खातात.

– म्हणजे तोंडावरून निकाल लागला?

– या दोघांपुरता. खुद्द सीकामध्ये खरी पंचाईत आहे. एकाच तळ्यात दोन-तीन प्रकार, वरून जवळपास सारखेच. मग कल्ल्याचं झाकण उचलून आतल्या कमानीवरचे दाते मोजावे लागतात. दाते लांब आणि दाट असतील तर मासा पाण्यातले बारीक जीव गाळून खाणारा, आखूड आणि विरळ असतील तर तळाशी चरणारा. ही एकच जात मानायची की अनेक, यावर तज्ज्ञांचंही एकमत नाही. त्यामुळे लेखात नुसतं 'सीका' असेल तर शास्त्रीय नाव आपल्या मनानं जोडू नका.

– कॅनडा-अमेरिकेचा मजकूर आला तर आणखी एक खड्डा. तिथल्या मोठ्या सरोवरांतल्या सिस्को माशाला 'लेक हेरिंग' म्हणतात, पण तो हेरिंग नव्हेच, याच कोरेगोनसांपैकी. पाठीवर शेपटीजवळ छोटा मांसल पर असतो. हेरिंगला तो नसतो.

– मग सीका, मुइक्कू तसेच ठेवते. पहिल्या उल्लेखाला 'सामनच्या कुळातला गोड्या पाण्यातला मासा' जोडते.

– 'गोड्या पाण्यातला' काढा. दोघेही बाल्टिकच्या निमखाऱ्या पाण्यातही सापडतात. स्वीडनमधल्या कालिक्स भागाची प्रसिद्ध माशाची अंडी तिथल्या मुइक्कूचीच, बोथनियाच्या आखाताच्या उत्तर टोकाकडची. ती लेखात आलीच तर बिनधास्त 'गाभोळी' लिहा.